मधुमेह्याचा दांत : एका घरगुती नियमाचा पूर्वेतिहास

‘मधुमेह असेल तर दांताला हात लावूं नये’ हा नियम आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून अजूनही मोठ्या श्रद्धेनें पाळला जातो. दांत हलूं लागला तर तो आपोआप पडेपर्यंत वाट पाहावी, हिरडी सुजली तर लवंगेचें तेल लावावें, मिठाच्या गुळण्या कराव्या, फारच ठणका लागला तर एखादी गोळी घ्यावी. पण दंतवैद्याच्या खुर्चींत बसूं नये, आणि बसलेंच तर त्याला चिमटा उचलूं देऊं नये, असें ह्या नियमाचें स्वरूप आहे. तो कोणीं लिहून ठेविलेला नाहीं. परंतु लेखी कायद्यापेक्षां असल्या अलिखित नियमांची सत्ता घरांत अधिक चालते, हा अनुभव कोणास नाहीं?

आमच्या नात्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं हा नियम दोन वर्षें निष्ठेनें पाळला. आम्ही त्यांना काका म्हणतों. खालच्या जबड्यांतील शेवटून दुसरी दाढ किडलेली; काका दुसऱ्या बाजूनें चावीत आणि विषय काढला कीं हंसून तो टाळीत. एके रात्रीं हनुवटीखालीं सूज आली. पहांटेपर्यंत ती गळ्यापर्यंत उतरली, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळवेना, आणि श्वास घेतांना घुरघुर ऐकूं येऊं लागली. रुग्णालयांत त्यांच्या गळ्याला छेद देऊन श्वासासाठीं नळी बसवावी लागली, जबड्याखालील पू काढावा लागला, आणि ती दाढ अर्थातच गेली. काका वांचले. चौथ्या दिवशीं तेथील तरुण सर्जननें जरा रागानेंच विचारलें, “काका, दाढ वेळेवर कां नाहीं काढून घेतली?” नळीमुळें बोलतां येत नसे म्हणून काकांनीं पाटीवर लिहिलें, “आजोबा दांत काढल्यानें गेले.”

हे आजोबा १९१९ सालीं वारले. त्यांना ‘गोड लघवीचा आजार’ होता, दुखणारा दांत कोणा डॉक्टरानें काढला, जखम भरली नाहीं, ताप चढला, आणि नवव्या दिवशीं ते बेशुद्धींतच गेले. तरुण सर्जनला पाटीवरील तें वाक्य वाचून हंसूं आलें. आम्हांस आलें नाहीं. कारण १९१९ सालच्या त्या मृत्यूवरून घरानें जो निष्कर्ष काढला तो खोडून काढणें त्या काळच्या मोठ्या वैद्यासही जड गेलें असतें. नियम खुळा नव्हता. त्याचें कारण मेलें आणि तो मात्र जिवंत राहिला. तें कारण केव्हां मेलें, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम थोडें मागें जावें लागेल. मधुमेह आणि मुखरोग यांचा शेजार आपल्या प्राचीन वैद्यांस दिसला होता काय? सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील सहाव्या अध्यायांत प्रमेहाचीं पूर्वरूपें दिलीं आहेत. तळहात व तळपाय यांची आग, तहान, अंगाचा जडपणा, लघवीचा गोडवा यांच्या जोडीनेंच श्वासाची दुर्गंधी आणि टाळू, घसा, जीभ व दांत यांवर मळ सांचणें हींही लक्षणें तेथें मोजलीं आहेत. पुढें माधवनिदानानेंही दांतांवरील मळाची खूण कायम ठेविली. त्याच निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत मुखरोगांचें वर्णन असून दांतांच्या मुळाशीं होणारे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतील शीतादांत हिरड्या मऊ पडून त्यांतून अकस्मात् रक्त येतें. दंतवेष्टांत पू व रक्त वाहून दांत हलूं लागतात. ज्याला आपण आज पायोरिया म्हणतों त्याचें याहून नेमकें चित्र थोड्याच जुन्या ग्रंथांत सांपडेल. आमच्यांतील कांहीं उत्साही मंडळी येथें थांबून ‘पाहा, सारें आमच्याकडे होतेंच’ असें म्हणतील. तें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. सहाव्या अध्यायांत दांतांवर मळ आहे, सोळाव्यांत हिरड्यांतून पू आहे. पण त्या दोहोंमधील नऊ अध्यायांवरून पूल बांधलेला आम्हांस तरी दिसत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, प्रमेहाची शंका येतांच रोग्याचें तोंड उघडून पाहावें, ही संवय त्या वैद्यांस होती. ती संवय पुढें कशी सुटली हें लेखाच्या ओघांत दिसेलच.

युरोपांत थॉमस विलिस यानें १६७४ सालीं मधुमेह्याच्या लघवीच्या गोडीचा उल्लेख केला, आणि १७७६ सालीं लिव्हरपूलचा मॅथ्यू डॉब्सन यानें ती गोडी साखरेचीच असल्याचें दाखवून रोग्याच्या रक्ताचा पातळ अंशही गोड असतो असें सांगितलें. आमच्या विषयास ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. साखर केवळ लघवींत असती तर तो मूत्रपिंडाचा खासगी प्रश्न राहिला असता. ती रक्तांत आहे म्हटल्यावर रक्त जेथें जेथें पोंचतें, म्हणजे हिरडीच्या टोंकापर्यंत, तेथें तेथें हा रोग पोंचला. परंतु हें अनुमान काढावयास आणखी शंभर वर्षें गेलीं. जर्मन वैद्य सायफर्ट यानें १८६२ सालीं मधुमेह आणि मुखांतील विकार यांच्या संबंधाकडे लक्ष वेधलें. तिकडे अमेरिकेंत हार्टफर्ड गांवच्या जॉन रिग्ज ह्या दंतवैद्यानें १८७६ सालीं हिरड्यांतील पुवाच्या रोगावर निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढें कित्येक वर्षें पायोरियास ‘रिग्जचा रोग’ असेंच नांव होतें. हा रिग्ज मोठा भाग्यवान् माणूस. १८४४ च्या डिसेंबरांत होरेस वेल्स यानें हंसविणारा वायु हुंगून स्वतःची दाढ वेदनेशिवाय काढवून घेतली, तेव्हां चिमटा ह्याच्याच हातीं होता. परंतु आमच्या मतें त्याचें खरें मोठेपण दांत काढण्यांत नसून न काढण्यांत आहे. दांताच्या मुळाशीं जमलेला दगडासारखा थर खरवडून काढला तर हिरडी बरी होते, दांत उपटण्याचें कारण नाहीं, असें तो आग्रहानें सांगे.

आतां काकांच्या आजोबांकडे वळूं. त्या काळीं मधुमेह्याच्या अंगावर शस्त्र चालविण्यास सर्जन कां भीत असत? रक्तांत साखर वाढली म्हणजे जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आणि जखम भरून येण्याचें काम रेंगाळतें. इतक्यावर भागत नाहीं. जंतुसंसर्ग झाला कीं शरीर जीं द्रव्यें सोडतें त्यांमुळें इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो व साखर आणखी चढते. चढलेली साखर संसर्गास पोसते. इन्शुलिनच अपुरें असल्यास शरीर चरबी जाळूं लागतें, रक्तांत आम्लें सांचतात आणि रोगी बेशुद्ध होतो. ह्या बेशुद्धीपूर्वींचा तो खोल, धापेसारखा श्वास अडॉल्फ कुसमाउल यानें १८७४ सालीं वर्णिला होता. म्हणजे दांताची जखम हें ह्या चक्राचें एक प्रवेशद्वार होतें, आणि चक्र एकदां फिरूं लागलें तर तें थांबविण्यास डॉक्टराजवळ कांहींच नव्हतें. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील फ्रेडरिक ॲलन यानें उपासाची जी चिकित्सा चालविली होती तिनें रोगी कांहीं महिने, क्वचित् कांहीं वर्षें अधिक जगत, पण हाडांचे सांपळे होऊन. अशा देहांत जखम भरून येण्यास लागणारें बळ कोठून असणार? तेव्हां ‘दांताला हात लावूं नये’ हें १९१९ सालीं शहाणपणच होतें. फक्त एक गोष्ट त्या घरास दिसली नाहीं, आणि ती दिसणें कठीणच होतें : आजोबांचा किडलेला दांत काढला नसता तरीही पू जबड्यांत होताच. दोष सर्वस्वीं चिमट्याचा नव्हता.

आजोबांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांत सारें बदललें. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरंटोच्या रुग्णालयांत लेनर्ड थॉमसन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिनचें पहिलें इंजेक्शन देण्यांत आलें. मुलाचें वजन ६५ पौंड, म्हणजे तीस किलोंहून कमी होतें. बँटिंग आणि बेस्ट यांनीं तयार केलेला तो अर्क अशुद्ध होता. साखर थोडीशीच उतरली, आणि सुई टोंचली तेथें गळूं झालें. मधुमेह्याच्या अंगास टोंचलें कीं गळूं होतें हें जुनें भय जणूं नव्या औषधानेंही एकवार खरें करून दाखविलें! पण कॉलिपनें तो अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीस पुन्हां इंजेक्शनें सुरू झालीं, आणि ह्या खेपेस मुलगा सांवरला. तो आणखी तेरा वर्षें जगला. बँटिंग व मॅक्लिऑड यांना १९२३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

इन्शुलिन आलें म्हणून दंतवैद्याची खुर्ची एकदम निर्धास्त झाली असें मात्र नाहीं. साखर आवरतां आली, जंतु आवरतां येत नव्हते. काकांना जें झालें त्याचें वर्णन स्टुटगार्टचे वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनीं १८३६ सालींच केलें होतें, आणि आजही तें दुखणें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. जबड्याखालीं लांकडासारखी कठीण सूज येते, ती दोन्ही बाजूंस पसरते, जीभ वर ढकलली जाऊन श्वासाचा मार्ग बंद होतो. पुढें असें ठरलें कीं ह्याचा उगम बहुधा खालच्या मागच्या दाढांत असतो. त्यांचीं मुळें इतकीं खोल जातात कीं पू तोंडांत न उतरतां सरळ गळ्याच्या बाजूस फुटतो. जंतुनाशक औषधें नव्हतीं तोंवर ह्या रोगानें गांठलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक माणसें मरत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पेनिसिलीन सर्वांस मिळूं लागलें, तेव्हां कोठें जुन्या नियमाचा दुसरा आधारही गेला. म्हणून आम्ही असें धरतों कीं तो नियम १९२२ सालीं आजारी पडला आणि १९४५ च्या सुमारास मेला. मग तो आमच्या घरांतून कसा वावरत राहिला?

ह्याचें एक उत्तर घरांतील स्मृतींत आहे. पण दुसरें, आणि आमच्या मतें अधिक लाजिरवाणें, वैद्यकाच्याच इतिहासांत आहे. ज्या काळांत मधुमेह्याचा दांत काढण्यास डॉक्टर भीत होते त्याच काळांत इतरांचे दांत काढण्याचा एक विलक्षण उन्माद पाश्चात्त्य जगांत चालला होता. बर्लिनमध्यें कॉखच्या पद्धतीनें जंतूंचा अभ्यास करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यानें १८९१ सालीं ‘मुख हें संसर्गाचें केंद्र’ अशा आशयाचा लेख लिहिला. त्यानंतर लंडनच्या विल्यम हंटर यानें १९०० सालापासून मुखांतील पुवाविरुद्ध मोहीमच उघडली, आणि १९१० सालीं माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठांत व्याख्यान देतांना सोन्याच्या टोप्या व पूल बसविणाऱ्या दंतवैद्यांस त्यानें असें फैलावर घेतलें कीं तो आवाज साऱ्या अमेरिकेंत घुमला. वरून सोनें, आंत सडका दांत, हें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु मोहिमेस अनुयायी मिळाले म्हणजे त्यांना मर्यादा कळत नाहीं. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यानें संधिवात, हृदयरोग, मूत्रपिंडाचे विकार हे दांतांत व टॉन्सिलांत दडलेल्या जंतूंपासून होतात असें प्रतिपादन केलें, आणि निरोगी दांतांचीही कत्तल सुरू झाली. न्यूजर्सींतील ट्रेंटनच्या वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख हेन्री कॉटन तर वेडाचें मूळ दांतांत आहे असें धरून रोग्यांचे दांत काढीत सुटला. स्वतःच्या मुलांचे दांतही त्यानें काढविले. त्याचा हेतु वाईट होता असें आम्हांस वाटत नाहीं. आणि हीच त्यांतली भयानक गोष्ट आहे.

ह्या मतास उतारा पडला तो शांतपणें केलेल्या मोजणीनें. १९३८ सालीं सेसिल आणि अँजेव्हाइन यांनीं संधिवाताचे २०० रोगी तपासून, दांत व टॉन्सिल काढून बहुतेकांस कांहींही लाभ झाला नाहीं असें जाहीर केलें. विशेष हें कीं सेसिल स्वतः पूर्वीं त्याच मताचा कैवारी होता. १९४० सालीं राइमन व हॅव्हन्स यांनीं त्या साऱ्या सिद्धांताचा कठोर समाचार घेतला. उन्माद ओसरला, हें बरेंच झालें. पण प्रतिक्रिया नेहमींप्रमाणें दुसऱ्या टोंकास गेली. दांतांचा शरीराशीं संबंध जोडणें हेंच आतां अडाणीपणाचें लक्षण ठरलें. दांत दंतवैद्याचे, साखर डॉक्टराची, अशी वांटणी पक्की झाली. ज्या वेळीं इन्शुलिन आणि पेनिसिलीन हातीं आल्यामुळें मधुमेह्याचें मुख निर्भयपणें तपासतां आलें असतें, नेमक्या त्याच वेळीं डॉक्टरांनीं त्या मुखाकडे पाठ फिरविली. जुना नियम चुकीचा झाला आहे हें घरांतल्या माणसांस सांगावयास कोणीही उरलें नाहीं.

संबंध पुन्हां जोडला गेला तो फार हळूहळू. १९६० सालीं विल्यम्स आणि मॅहन यांनीं हिरड्यांच्या रोगानें पीडित अशा नऊ तरुण मधुमेह्यांवर तोंडाचे उपचार केले, तेव्हां सातांना इन्शुलिन कमी पुरूं लागलें. नऊ रोगी म्हणजे कांहींच नव्हे. पण प्रश्न उलटा विचारला गेला हें महत्त्वाचें. साखरेमुळें हिरड्या बिघडतात हें कळलें, आतां बिघडलेल्या हिरड्यांमुळें साखर बिघडते काय? ह्याचें उत्तर देण्यास ॲरिझोनांतील गिला नदीकांठचे पिमा लोक कारणीभूत झाले. ह्या आदिवासी समाजांत प्रौढपणीं होणाऱ्या मधुमेहाचें प्रमाण अत्यंत मोठें असल्यामुळें १९६५ पासून त्यांची वर्षानुवर्षें तपासणी होत राहिली. मधुमेह्यांत दांतांचीं हाडें झिजविणारा रोग इतरांच्या जवळजवळ तिप्पट आढळला. आणि १९९६ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं ज्यांच्या हिरड्या आरंभीं फार बिघडलेल्या होत्या त्यांची साखर पुढें अधिक बेबंद होते. मधल्या काळांत, १९९३ सालीं, हॅराल्ड लो यांनीं डोळे, मूत्रपिंडें, मज्जातंतु, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा ह्या पांच उपद्रवांनंतर हिरड्यांचा रोग हा मधुमेहाचा सहावा उपद्रव होय असें म्हटलें.

वाचकांस प्रश्न पडेल कीं दांताभोंवतींच्या चिमूटभर मांसानें साऱ्या शरीराचें काय बिघडणार? पण रोग वाढला म्हणजे प्रत्येक दांताभोंवतीं हिरडी आंतून सुटते. ही सारी सोललेली जागा एकत्र पसरली तर ती ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते असा हिशेब आहे. तेवढी उघडी जखम हातावर असती तर आपण एक दिवसही ती तशी राहूं दिली नसती. तोंडांत ती वर्षानुवर्षें राहते, तिच्यांतून जंतु व दाह वाढविणारीं द्रव्यें रक्तांत उतरत राहतात, आणि इन्शुलिनचें काम अवघड होतें.

तरीही एकदां पोळलेल्या वैद्यकानें ह्या खेपेस घाई केली नाहीं, ह्याबद्दल त्याचें कौतुक केलें पाहिजे. मागील दोनतीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्ताची परीक्षा आतां उपलब्ध होती. तिचें मूळ १९६८ सालीं तेहरानमध्यें सॅम्युएल राहबर यांना मधुमेह्यांच्या रक्तांत दिसलेल्या निराळ्या हिमोग्लोबिनांत आहे. ह्या परीक्षेच्या आधारें १९१० च्या वाग्युद्धाऐवजीं मोजमाप करतां आलें. २०१३ सालीं अमेरिकेंतील ५१४ रोग्यांवरील प्रयोगांत हिरड्या साफ करूनही साखर उतरली नाहीं. हिरड्यांची सफाईच पुरेशी झाली नव्हती असा आक्षेप त्यावर आला. २०१८ सालीं लंडनमध्यें २६४ रोग्यांवर वर्षभर कसून उपचार केले तेव्हां ती सरासरी सुमारें ०.६ अंशानें उतरली. २०२२ सालीं कॉक्रेन संस्थेनें असे ३५ प्रयोग एकत्र तोलून, तीनचार महिन्यांत सुमारें ०.४३ अंशाचा लाभ होतो असा निर्वाळा दिला. हा आंकडा जादूचा नाहीं. हंटर किंवा कॉटन यांचें समाधान त्यानें झालें नसतें. पण साखरेच्या एखाद्या जादा गोळीनेंही पुष्कळदां एवढेंच साधतें. आणि साखर आटोक्यांत असलेल्या मधुमेह्याचा दांत काढणें ही आज रोजच्या व्यवहारांतली गोष्ट आहे : सकाळची वेळ ठरवावी, न्याहारी व नेहमींचें औषध चुकवूं नये, आणि दंतवैद्यास आपला आजार आधीं सांगावा. भीति बाळगावयाची ती अनियंत्रित साखरेची आणि जबड्यांत राहिलेल्या पुवाची.

ह्या भीतीचें भीषण स्वरूप महाराष्ट्रानें २०२१ सालीं पाहिलें. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत साखर भडकलेल्या आणि स्टिरॉइडें दिलेल्या रोग्यांस काळ्या बुरशीनें गांठलें. महाराष्ट्रांत तिचे रोगी देशांतील इतर बहुतेक प्रांतांहून अधिक होते, आणि त्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें राज्यांस तिची सक्तीनें नोंद करावयास सांगितलें. ही बुरशी दांतांतून उपजत नाहीं, ती श्वासावाटे नाकांत शिरते. पण वरच्या जबड्यांतील दांत एकाएकीं हलूं लागणें, टाळू काळी पडणें, हीं तिचीं आरंभींचीं चिन्हें होतीं. पुष्कळांचा रोग प्रथम ओळखला तो दंतवैद्यानें, आणि पुष्कळांना वरचा जबडा गमवावा लागला. हलणारा दांत आपोआप पडण्याची वाट पाहणारांस तेवढा अवधि त्या रोगानें दिला नाहीं.

काका आतां बरे आहेत. त्यांच्या गळ्यावर छेदाची खूण आहे आणि तोंडांत कवळी आहे. मध्यंतरीं त्यांचे कागद लावून देण्याचें काम आमच्याकडे आलें. त्यांचा मधुमेह बारा वर्षांचा; डॉक्टर नेमाचे, आणि कागदही नीट ठेविलेले. दर सहा महिन्यांची साखर त्यांत होती, दर वर्षाची डोळ्यांची तपासणी होती, मूत्रपिंडाची होती, हृदयाचा आलेख होता, तळपायांस सुई टोंचून घेतलेली संवेदनेची परीक्षाही होती. आम्हीं त्या दिवशीं सारे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले. दांत हा शब्द त्या बारा वर्षांत प्रथम आला तो रुग्णालयाच्या कागदावर, गळ्याला छेद दिल्यानंतर.